पहिलं शिसं

वायोसने टेबलावर काडतुसं उभी केली, तसा कॉफीघरातला पत्त्यांचा डाव आपोआप थांबला. एक लाल, एक काळं, एक हिरवं आणि एक पितळी बुडाचं पिवळं.

"यातलं एक निवड," वायोस मला म्हणाला. "अगदी मोकळेपणाने निवड. फक्त लाल निवड."

वायोस आमच्या टोळीचा म्होरक्या. रानडुकराच्या शिकारीला एकट्यादुकट्याने जात नाहीत. टोळी लागते, कुत्री लागतात आणि सगळ्यांनी ज्याचं ऐकायचं असा एक जण लागतो. एरवी वायोस ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण शिकारीचा हंगाम लागला की तो सेनापती होतो. बायकोसुद्धा त्या दिवसांत त्याला कप्तान म्हणते, अर्थात तो पाठमोरा झाल्यावर.

टोळीत मी नवी होते. ससे आणि कवडे मारण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण त्याला छर्रे पुरतात. डुकराला छर्रा म्हणजे गुदगुल्या. त्याला एकच जड, अंगठ्याएवढी गोळी लागते. आणि रायफल आमच्या देशात शिकारीला चालत नाही. ससा असो की दोनशे किलोचं डुक्कर, बारा बोरची साधी बंदूकच घ्यायची. बंदूक सगळ्यांची सारखी, मग माणसं भांडणार कशावर? काडतुसावर. आमच्या गावात जमिनीच्या बांधावरून बोलणं तुटलेले भाऊ आहेत, तसे काडतुसावरून तुटलेलेही आहेत.

"लालच का?" मी विचारलं.

"झालं सुरू," वायोस म्हणाला. "झीसिसची पोरगी ना तू!"

मी जन्मल्यावर रडण्याऐवजी "का?" असं विचारलं, असं माझा बाबा सांगतो. खरंखोटं देव जाणे, पण ती खोड गेलेली नाही.

तिलेमाखोस मदतीला धावला. हा गावचा वायरमन. घरातला दिवा दुरुस्त करायला तीन महिने लावेल, पण कुठलं काडतूस कुठल्या कारखान्यात भरलं ते झोपेत सांगेल. "ऐक असिमिना. लाल गोळीच्या बुडाला नमद्याची शेपटी असते, म्हणून ती सरळ जाते. काळीच्या भोवती प्लास्टिकचा डबा आहे. तिला आतून पेच कोरलेली नळी लागते. तुझ्या गुळगुळीत नळीतून सोडलीस तर कोलांट्या मारत शेजारच्या गावात जाईल. हिरव्यात एक गोळी नाही, नऊ आहेत, वाटाण्यासारख्या."

"नऊ बऱ्या की मग. एक तरी लागेल."

"एक लागतेच," वायोस म्हणाला. "डुक्कर जखमी होऊन पळतं आणि उरलेल्या आठांतली एखादी शेजारच्याच्या पोटरीत. माझ्या टोळीत हिरवं नाही."

"आणि हे पिवळं?"

तिलेमाखोस एकदम आपल्या कॉफीत डोकावून पाहू लागला. कोपऱ्यात शेगडीपाशी माझा बाबा पावट्याच्या सुपात पाव बुडवून खात बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पिवळं काडतूस बाबाचं होतं. त्याने स्वतः भरलेलं.

बाबा गोळ्या घरी ओततो. आई होती तोवर परसात ओतायचा, आता राजरोस स्वयंपाकघरात. गाड्यांच्या चाकांना लावतात ते वजनाचे तुकडे वितळवतो, कारण ते शिसं कडक असतं, आणि आजोबांच्या लोखंडी साच्यात घालतो. त्या साच्याच्या काठाला कधीतरी एक टवका उडाला आहे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोळीच्या बुडाला जवाच्या दाण्याएवढा उंचवटा येतो. लहानपणी मी तो बोटाने चाचपत बसायची. साचा बदल असं किती जणांनी सांगितलं, पण बाबा म्हणे, "सही आहे ती माझी."

तीन वर्षांपूर्वी याच सहीची बेअब्रू झाली. आमच्या डोंगरात एक जुना वराह फिरायचा, उजवा कान फाटलेला. गाव त्याला महापौर म्हणायचं, कारण यायचा, खायचा आणि पुन्हा चार वर्षं तोंड दाखवायचा नाही. तो अक्रोडाच्या झऱ्यापाशी बाबाच्या समोर आला. बाबाने बार टाकला. महापौर गेला तो गेलाच. टोळीने पान न् पान उलटून पाहिलं, कुत्र्यांनी अख्खी दरी हुंगली, रक्ताचा थेंब सापडला नाही.

"लागली," बाबा म्हणाला. "मी पाहिली. खांद्यात लागली."

"नाचता येईना अंगण वाकडं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाने पुन्हा सांगितलं, लागली. ते पुन्हा हसले. त्या हिवाळ्यात दुकानात, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याकडे, जो तो विचारी, "काय बार्बा झीसिस, लागली का?" बार्बा म्हणजे आमच्याकडे काका. गावात पोराने चेंडू मारला आणि गोल चुकला तरी ओरडत, "लागली!" शेवटी वायोसने नियम काढला. घरी भरलेली काडतुसं टोळीत बंद, सगळ्यांनी लालच वापरायचं. बाबाने बंदूक खुंटीला टांगली. तो शिकारीला येई, पण टोळीच्या झोपडीवर थांबे, चूल पेटवे, रस्सा रांधे. त्याने एकही दिवस कुरकुर केली नाही आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. माणसाने निदान भांडावं तरी!

आता त्याचीच दुनळी घेऊन मी टोळीत शिरत होते. आणि खरं सांगू? मला डुकरापेक्षा एकाच गोष्टीची उत्सुकता होती. लागली होती की नव्हती?

शुक्रवारी मी बाबाला घेऊन जुन्या दगडखाणीत गेले. रेल्वेचा एक टाकून दिलेला ओकचा ओंडका मातीच्या बांधाला टेकवला, त्यावर जेवणाची कागदी थाळी ठोकली आणि चाळीस पावलं मागे आले.

"कशाला शिसं वाया घालवतेस?" बाबा म्हणाला. "वायोस म्हणतोय ना लाल, मग लाल."

"वायोस म्हणतो म्हणून नाही. बंदूक काय म्हणते ते बघायचंय."

हे वाक्य त्याचंच होतं. मी बारा वर्षांची असताना त्यानेच शिकवलं होतं, की दोन बंदुका एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघाल्या तरी एकीला एक गोळी गोड लागते, दुसरीला दुसरी. त्याला ते आठवलं असावं, कारण तो जवळ येऊन उभा राहिला.

मी लाल भरून दोन्ही नळ्या झाडल्या. खांद्याला गाढवाने लाथ मारावी तसा दणका बसला. एक गोळी थाळीच्या मधोमध, दुसरी डावीकडे कडेला. मग पिवळी भरली. दोन्ही गोळ्या इतक्या शेजारी बसल्या की वर अंडं ठेवलं असतं तर दोन्ही भोकं झाकली गेली असती. पुन्हा मारल्या, पुन्हा तेच.

"बाबा! ही काय जादू आहे?"

"जादू कसली. या बंदुकीचा साचा आहे तो, या बंदुकीसाठीच." त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "बघितलंस? आणि म्हणे लागली नाही."

मी ओंडक्यापाशी गेले. लाल गोळ्यांनी ओंडका आरपार फोडून मागच्या मातीत बिळं पाडली होती. बाबाच्या चारही गोळ्या मात्र ओंडक्यातच अडकल्या होत्या. एकीचं बूड दिसत होतं, जवाच्या दाण्यासकट.

"या आरपार का गेल्या नाहीत?"

"ओक आहे. कडक असतो."

"लालसाठीसुद्धा ओकच होता."

"असिमिना, तुझी आई म्हणायची, या पोरीला वकिलाला द्या."

"आणि तुझ्या काडतुसाचा धक्कापण बसत नाही. का?"

"जुनी बंदूक आहे, सांभाळायला हवी." त्याने उजवा खांदा चोळला. शस्त्रक्रिया झाल्यापासून गारठ्यात तो दुखतो, म्हणून मी विषय सोडला. घरी जाऊन चहा करू म्हणाले. उतरताना त्याने एक पिवळं काडतूस माझ्या खिशात घातलं. "झाडू नकोस. नियम मोडायचा नाही. नुसतं असू दे जवळ."

शनिवारी सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. माझ्या वाट्याला आली अक्रोडाच्या झऱ्याची. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बापलेकीची जागा," तिलेमाखोस म्हणाला. "तिथली हवा लागते हो माणसाला. बघ, तुलापण 'लागेल'."

"तुझ्या घराची वायर मी जोडली नाही म्हणून बरं," मी म्हटलं, "नाहीतर तुला खरंच काहीतरी लागलं असतं."

उजव्या नळीत लाल, डाव्या नळीत लाल, खिशात पिवळं. मी झऱ्यावरच्या खडकाला पाठ लावून बसले. धुकं दरीत अडकून पडलं होतं. खाली कुत्र्यांनी माग काढला, आवाज वर चढू लागला, मग अचानक सगळं शांत झालं. मला वाटलं, गेलं दुसरीकडे. तेवढ्यात झऱ्याच्या पलीकडे झुडूप हललं आणि काळंकरडं, कपाटाएवढं काहीतरी पाण्यापाशी येऊन थांबलं. उजवा कान फाटलेला होता.

तो चालताना पुढच्या डाव्या पायाने किंचित लंगडत होता. हे मी पाहिलं, नोंदलं आणि नेमकं तेव्हा त्याचा अर्थ लावायला डोकं जागेवर नव्हतं. त्याने आडवी बाजू दिली. उजवी. मी उजवी नळी झाडली. महापौर चार पावलं गेला आणि अक्रोडाच्या मुळांवर बसल्यासारखा कोसळला.

मी रडले. का ते विचारू नका. एरवी मीच विचारते.

झोपडीच्या पडवीत तुळईला आकडा आहे, त्याला आम्ही शिकार टांगतो. महापौराला वर चढवायला सहा जण लागले. सगळ्यांनी माझे गाल ओढले, वायोसने रीतीप्रमाणे रक्ताचं बोट माझ्या कपाळाला लावलं, त्सिपुरोचा, म्हणजे द्राक्षाच्या कडक दारूचा, ग्लास हातात दिला. बाबा चुलीपाशी पळी घेऊन उभा होता. त्याने फाटका कान पाहिला आणि पळी पातेल्यात सोडून दिली.

वायोस सोलायला लागला. माझी लाल गोळी उजवीकडून शिरून फासळ्यांतून डावीकडे बाहेर पडली होती, दोन्ही भोकं स्वच्छ दिसत होती. पण डाव्या खांद्यावर त्याचा सुरा करकरला.

म्हाताऱ्या वराहाच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, आपसात झुंजताना सुळे अडवायला. त्या ढालीतून वायोसने बोटांनी काहीतरी उपसलं, पाण्यात खळबळलं आणि तळहातावर धरलं. गोळी होती. आणि तिच्या बुडाला जवाचा दाणा होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"असिमिना," वायोस म्हणाला, "मी काय सांगितलं होतं?"

"मी लालच झाडली."

"हे लाल आहे? तुझ्या बापाची सही मला ओळखता येत नाही? पहिल्याच दिवशी नियम मोडलास! उद्यापासून..."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी ग्लास आपटला. "किती बार ऐकलेत तुम्ही?"

"एक," तिलेमाखोस म्हणाला.

मी बंदूक त्याच्या हातात दिली. डाव्या नळीत न झाडलेलं लाल होतं. उजव्या नळीतलं रिकामं टरफलही लाल. मग खिशातून पिवळं काढून टेबलावर ठेवलं, जसंच्या तसं, भरलेलं.

तिलेमाखोसने खांद्यातल्या त्या जागेत बोट घातलं. गोळीभोवती पांढरी, नखासारखी टणक गाठ धरली होती. खालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं. "वायोस," तो हळूच म्हणाला, "ही आजची नाही. ही कितीतरी जुनी आहे."

मला झऱ्यावरचं ते लंगडणं आठवलं. लागली होती! तीन वर्षं तो म्हणत होता, लागली, खांद्यात लागली. मी आनंदाने किंचाळले. धावत जाऊन बाबाला मिठी मारली. "बाबा, लागली होती! ऐकलंत का रे सगळ्यांनी? लागली होती!"

वायोसने टोपी काढली. असं त्याने फक्त चर्चमध्ये केलेलं मी पाहिलं आहे. "बार्बा झीसिस," तो म्हणाला, "आमचं चुकलं. तुमच्यावर हसलो आम्ही. मी सगळ्यांत जास्त हसलो."

बाबा हसेल असं मला वाटलं होतं. किंवा रडेल. निदान एखादी सणसणीत शिवी तरी हासडेल, तिच्यावर त्याचा पूर्ण हक्क होता. त्याने माझे हात सोडवले, वायोसच्या तळहातावरची गोळी उचलली आणि उजेडात फिरवून पाहिली. गोळी जशी साच्यातून निघाली तशीच होती. ना चपटी झालेली, ना फुललेली. मग तो महापौरापाशी गेला आणि ते वाकडं हाड, ती गाठ, दोन्हींवरून सावकाश अंगठा फिरवला.

"शस्त्रक्रियेनंतरचा पहिला हंगाम होता," तो म्हणाला. "खांदा धक्का सोसत नव्हता. मी काडतुसात दारू कमी भरली. निम्मीच म्हणा. थाळीवर मारून पाहिलं, नेम अगदी चोख बसत होता. म्हटलं, बसतेय ना जागेवर, मग झालं." त्याने गोळी खिशात घातली नाही, टेबलावर ठेवली. "लागते की नाही तेवढंच पाहिलं मी. लागल्यावर काय होतं ते पाहिलं नाही."

"अहो बार्बा, पण..." तिलेमाखोस म्हणाला.

"तीन हिवाळे हा त्या पायावर चालला. आणि मी रुसून बसलो होतो, की लोक मला चुकला म्हणतात. चुकलो असतो तर बरं झालं असतं रे."

मला खाणीतला ओंडका दिसला, त्यात रुतलेल्या चार गोळ्या दिसल्या. मी विचारलं होतं. आयुष्यभर नको तिथे प्रश्न विचारत आले आणि तिथे मात्र चहाचं निमित्त काढून गप्प बसले. बाबाला तेव्हाच कळलं होतं का? हा प्रश्न मी आजवर त्याला विचारलेला नाही, आणि विचारणारही नाही.

मांस वाटायची आमची एक रीत आहे. सारखे वाटे मांडायचे. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हे कोणाचं?" आणि भिंतीकडच्याने मनाला येईल ते नाव घ्यायचं, म्हणजे कुणी कुणाला झुकतं माप दिलं असं होत नाही. तीन वर्षं हे काम बाबाचंच होतं. गोळी न झाडणाऱ्यावर कुणाचा संशय नसतो. फक्त डोकं वाट्यात धरत नाहीत. डोक्याला जुना नियम आहे, वायोसच्याही आधीचा. मारलं कुणीही असो, पहिलं शिसं ज्याचं, डोकं त्याचं.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वायोस विचारत गेला, बाबा नावं घेत गेला. तिलेमाखोस. वायोस. असिमिना. आवाज नेहमीसारखाच होता. वाटे संपले. वायोसने सुळ्यांमधून हात नेऊन डोक्यावर ठेवला.

"हे कोणाचं?"

"डोकं असेल ते," बाबा म्हणाला. "असिमिनाचं. तिने पाडलं."

"नीट सांगा, बार्बा. पाडलं कुणी ते विचारत नाही. पहिलं शिसं कोणाचं?"

चुलीवर रस्सा उतू जाऊन विस्तवात चरचरला, तरी कुणी हललं नाही. तीन वर्षं तो हेच ओरडून सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. आता सगळे जण कान देऊन उभे होते आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"माझं," तो भिंतीला म्हणाला.

मग तो वळला. वायोसने डोकं पोत्यात घालून दिलं. मी पोतं घ्यायला पुढे झाले, तिलेमाखोसही झाला, गाडी अगदी पडवीशी आणतो म्हणाला. बाबाने दोघांनाही बाजूला सारलं. पोतं उचलून उजव्या खांद्यावर टाकलं, त्याच दुखऱ्या, आणि उतारावरून घराकडे चालायला लागला.